वाळ्याने हरवलेलं यंत्र

मित्रांनो, मी सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. नका ठेवू. मी एक जुना लोखंडी वाळा आहे, आणि मुंबईच्या दवाखान्यातलं खोलीएवढं यंत्र मी एकट्याने बंद पाडलं आहे.

जन्माने मी घोड्याची नाल. त्या घोड्याने पारोळ्याच्या किल्ल्यावरून उडी मारली ती थेट धुळ्यात. पायात मी होतो म्हणून. पुढे सुकदेव लोहाराने मला भट्टीत लाल केलं, ठोकून गोल केलं. शिरपूरकडच्या वच्छलाबाईने मला सुनेच्या, पुष्पाबाईच्या, पायात घातलं. पुष्पाबाईला झटके येत. डोळे फिरत, दातखिळी बसे. पायात लोखंड असलं की बाहेरचं काही जवळ येत नाही, अशी वच्छलाबाईची खात्री. झटका थांबला की घरातले मला हात लावून नमस्कार करत. झटका आपला आपण थांबतो, हे मी कशाला सांगू?

१९९४ साली पुष्पाबाईचं डोकं असं दुखू लागलं की ती ते भिंतीवर आपटून घेई. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा जन्मापासूनच गुंता झालेला असावा. फुटला तर बाई हातची जाईल. तो कुठे आहे, केवढा आहे, हे मुंबईच्या चुंबकाच्या यंत्रात नीट दिसेल. मात्र अंगावर लोखंड चालणार नाही.

तेव्हापासून मी त्या यंत्राचा वैरी. एवढी वर्षं राबलो मी, आणि बाहेर काढायचं मलाच?

वच्छलाबाई माझ्या बाजूची. तिचा मुलगा धनसिंग मध्ये बोलला, तर तिने त्याला बायकोचा बैल म्हटलं. अख्ख्या एसटीच्या प्रवासात ती सुनेशी बोलली नाही. दवाखान्यात यंत्र चालवणाऱ्याशी तर अशी जुंपली, की रांगेतले लोक उठून उभे राहिले.

"वाळा काढा त मन्ही सून मरी जाई. मंग तुम्ही मले दुसरी सून आनी देशात का?"

"आजी, तो वाळा आत आला तर तपासणीच होणार नाही."

पण त्याला चुकवून मी शिरलोच. यंत्र ठकठक करत अंगावर आलं. त्याने मला ओढलं, मी त्याला ओढलं. शेवटी तेच जागचं हललं, माझ्याकडे सरकलं आणि गपगार पडलं. रक्तवाहिन्यांचा गुंता दाखवला तो मीच. डॉक्टरांनी फक्त फोटोत पाहिला. शस्त्रक्रिया झाली, झटके थांबले, आणि नमस्कार कोणाला? त्या मेल्या यंत्राला. मी इथे गोठ्यात खुंटीला. म्हशीसुद्धा माझ्याकडे पाठ करून उभ्या राहतात. म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. जुन्या लोखंडाला असं टाकून देऊ नका. त्याने तुमचा जीव वाच...

"बठ्ठं खोटं शे," शेणाची पाटी घेऊन आलेली पुष्पाबाई म्हणाली. "मीच तुले दवाखानामा, मोरीमा साबन लाईसन काढेल व्हता. टाचनं सालटं निंघनं, पन मी काढाच. सासूले मी सांगंच नही. तू त थैलीमा पडेल व्हता. आतमा मी एकलीच व्हतू."