लवूची लाथ

एकतीस वर्षं मी हायस्कुलात पी.टी. शिकवली. "वजन उचलताना गुडघ्यात वाका, कमरेत नाही," हे वाक्य मी इतक्या वेळा ओरडलोय की गावातली निम्मी पोरं झोपेतही म्हणत असतील. आणि त्या मंगळवारी सकाळी मीच कमरेत वाकून जांभ्याचा चिरा उचलला. चिरा वीतभर वर आला, पाठीत करकन काहीतरी भरलं, आणि मी तसाच राहिलो. ना खाली बसता येई, ना उभं राहता येई.

चिरा कशाला उचलला तेही सांगतो, लाज वाटते तरी. आमच्या आणि माझ्या धाकट्या भावाच्या, लवूच्या, अंगणांमध्ये दगडांचा गडगा आहे. कमरेएवढाच. पलीकडे लवू जाळं विणत बसलेला दिसतो. त्या दिवशी मला तो दिसायला नको होता, म्हणून मी गडग्यावर आणखी एक थर चढवायला घेतला होता.

कारण घरात आदल्या रात्री वेदिकाने मला चार शब्द सुनावले होते. वेदिका माझी मुलगी, बाळंतपणाला माहेरी आलेली. आठ दिवसांचा नातू पाळण्यात. तिच्या सासरचे अलोऱ्याहून फोन करत होते, "बारशाचा दिवस रविवारपर्यंत कळवा." आणि वेदिका म्हणाली, "माझ्या लग्नात काका मांडवात पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसला होता. बारशाला तसं चालणार नाही. तुम्ही स्वतः जाऊन त्याला बोलवा. नाहीतर मी बारसं सासरीच करीन."

मी म्हटलं, "तो माझ्याशी बोलतो का?"

"तुम्ही बोलता का त्याच्याशी?"

नव्हतो बोलत. सहा वर्षं. लवू मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या आहे, दहा-बारा दिवसांनी बंदराला लागतो. वेदिकाच्या लग्नाची सुपारी फुटली तेव्हा तो समुद्रावर होता. चार दिवसांनी आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मी मेलो होतो काय? चार दिस थांबता नाय आलं?" ज्या पोरीला त्याने खांद्यावर बसवून आरे-वारेच्या वाळूत फिरवलं होतं, तिची सुपारी त्याच्याशिवाय फुटली. मी आपला ताठ. म्हटलं, "मुहूर्त तुझ्या बोटीसाठी थांबतो काय रे?" तिथे जे बोलणं संपलं ते संपलं. लग्नाला तो आला, जेवला, आहेर ठेवला, माझ्याकडे न बघता गेला.

आमच्या बायकांचं मात्र विहिरीवर सगळं नीट चालू होतं. आम्ही दोघे गाल फुगवून बसलेलो, आणि इकडची आमसुलं तिकडे, तिकडची सुकटं इकडे.

तर, मी चिऱ्यावर ओणवा अडकलेला. पलीकडून लवूची बायको राजश्री ओरडली, "वैनी, दादांना बघा काय झालं ते." कमळा, म्हणजे माझी बायको, धावत आली आणि तिने मला हाताला धरून घरात नेलं. चालताना मी जमिनीवरच्या मुंग्या मोजत होतो, कारण दुसरं काही दिसतच नव्हतं.

मग घरचे उपाय सुरू झाले. जाड सतरंजीवर उताणा निजवलं, गुडघ्यांखाली उशी दिली. कोमट खोबरेल, मग निर्गुडीच्या पाल्याचा शेक, मग तव्यावर गरम केलेल्या मिठाची पुरचुंडी. डॉक्टरांनी फोनवरून विचारलं, "पाय बधिर होतायत? मुंग्या येतायत?" मी म्हटलं, नाही. "मग दोन दिवस आराम, शेक, आणि जमेल तसं घरातल्या घरात चाला. वाकू नका." वाकू नका हे त्यांनी मला सांगावं, ह्याचं पाठीपेक्षा जास्त दुखलं.

संध्याकाळी कमळाने हळूच सोडलं, "लवूभावजींचा पाय लावून घ्या की."

आता हे बाहेरच्यांना सांगायला हवं. लवू पायाळू. म्हणजे जन्मताना आधी त्याचे पाय आले. पायाळू माणसाने पाठीला लाथ लावली की उसण उतरते, असं आमच्याकडे सगळे मानतात. लवू बोटीवरून घरी आला की सकाळी त्याच्या दारात माणूस उभा असतोच. पद्धत ठरलेली आहे. उपाशीपोटी जायचं, उगवतीकडे तोंड करून उभं राहायचं, आणि बोलायचं अजिबात नाही. आभारही मानायचे नाहीत. बोललं की गुण जातो.

"अख्खी वाडी घेते," कमळा म्हणाली. "तुम्हालाच काय सोनं लागलंय? आणि बोलायचं नसतंच. तुम्हाला तर सोपं."

मी पी.टी.चा मास्तर. लाथेने स्नायू सैल होतात ह्यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण कुशीवर वळायला पाच मिनिटं लागणाऱ्या माणसाचे विश्वास फार टिकत नाहीत. बुधवारी सूर्य उगवायच्या आत मी काठी टेकत गडग्याला वळसा घालून लवूच्या अंगणात जाऊन उभा राहिलो.

तो बाहेर आला. मी पाठ केली. टाच कमरेवर टेकली, जरा दाब, मग एक हलका झटका. झालं असं वाटून मी वळलो, तर लवू खाली वाकलेला. माझे पाय धरत होता.

वडीलधाऱ्याला पाय लागला की नमस्कार करायचा, ही साधी रीत. तो सगळ्याच मोठ्यांना करतो. पण माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं. सहा वर्षांत दिवाळी, गणपती, कुठल्याच सणाला ज्याने नमस्कार केला नाही, तो आधी मला लाथ मारून मग माझ्या पायाशी वाकला होता. मी काठी घट्ट धरून घरी आलो.

दुपारी राजश्रीकडून निरोप आला. "ह्ये बोलतात, उसण जुनी हाय. तीन दिस लागतील."

गुरुवारी पुन्हा लाथ, पुन्हा नमस्कार. त्याच्या केसांत पांढरं फार झालं होतं. माझा हात आपोआप उठला आणि त्याच्या डोक्यावर गेला. मी लगेच मागे घेतला.

शुक्रवारी मी सकाळी उठलो तो सरळ. पाठ मोकळी. गुण शेकाचा, आरामाचा, की लाथेचा, मला विचारू नका. तिघांनी आपसात वाटून घ्यावा. कमळा चहा ठेवत म्हणाली, "बरं वाटतंय ना? मग आज नका जाऊ."

"तीन दिवस सांगितलेत," मी म्हटलं, आणि काठी घेतली. काठीची गरज नव्हती. जरा वाकून चाललोसुद्धा, तालमीतल्या नटासारखा. त्या दिवशी मी हात डोक्यावर चांगला ठेवला. दुपारी पुन्हा निरोप, "अजून दोन दिस." मला इतका आनंद झाला की कमळाला संशय आला.

शनिवारी चौथी लाथ घेऊन मी सुजयच्या रिक्षाने बाजारात गेलो, वेदिकाच्या लाडवांसाठी अळीव आणायला. सुजय माझा विद्यार्थी. गेल्या महिन्यात त्याचीही उसण लवूनेच उतरवली होती.

मी सहज विचारलं, "तुला किती दिवस लागले रे?"

"एकच लाथ, सर."

"एकच?"

"सगळ्यांना एकच मारतात. दुसरी मारली तर पैलीचा अपमान नाय काय?" तो हसला. "तुमचं काय भारीतलं दुखणं दिसतंय पण. तुमच्यासाठी ह्या खेपेला लवूदादांनी बोट सोडली. मालकाने दुसरा तांडेल नेला. मी विचारलं, तर बोलले, घरात औषध चालू हाय."

मी रस्त्याकडे बघत बसलो. मला रडू आलं, आणि ते लपवायला रिक्षाला दरवाजाही नसतो. एका मुहूर्तासाठी मी त्याच्या बोटीला थांबलो नाही, आणि माझ्या खोट्या पाठदुखीसाठी त्याने बोटच सोडली. बरं, माझी पाठ बरी झाली हे त्याला कळलं नसेल? टाचेने रोज चाचपत होता की तो.

सुजय म्हणाला, "सर, पाठ दुखते काय? हळू घेऊ?"

"घे हळू," मी म्हटलं.

रविवारी सकाळी मी काठी घरीच ठेवली. ताठ चालत लवूच्या अंगणात गेलो, उगवतीकडे तोंड केलं. मागे त्याची पावलं आली. टाच लागायच्या आत मी, न वळता, म्हणालो, "लवू, तुझी बोट आता कधी जाते?"

मागे उचललेली टाच परत जमिनीवर टेकली. मग तो म्हणाला, "औषधात बोलायचं नसतं, दादा."

"सहा वर्षं घेतलं ते औषध. पुरे झालं."

"कशाला विचारतोस बोटीचं?"

"बारशाचा दिवस धरायचाय. तू घरी असशील तो धरतो."

"अलोऱ्याची माणसं थांबतील?"

इथे मी नुसतं 'थांबतील' म्हणून सुटू शकलो असतो. पण पाठमोऱ्या माणसाला खरं बोलणं जरा सोपं जातं. म्हटलं, "थांबतील. सुपारीलाही थांबणार होते. त्यांनी विचारलं होतं मला, भाऊ येईपर्यंत थांबू का म्हणून. मीच नको म्हटलं. थोरला आहे ना, एकट्याने सगळं ठरवायची हौस. चुकलं माझं, लवू. फार चुकलं."

आणि मग ती लाथ आली. आधीच्या चार औषधाच्या होत्या, ही नव्हती. मी दोन पावलं पुढे धडपडलो आणि त्याच्या अंगणात हातांवर, गुडघ्यांवर आलो. घरातून राजश्री "अवो, काय करतास" म्हणत बाहेर आली. मला मात्र सहा वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. माझ्या वाट्याची होती ती, उशिरा का होईना मिळाली.

पाठ तपासत मी तसाच थांबलो. मागून माझ्या पावलांवर त्याचे हात आले, मग कपाळ. पाय ओले लागले.

"पुढल्या बुधवारी जाते बोट," लवू म्हणाला. "आदल्या मंगळवारी धर."

"मंगळवार चांगला," मी म्हटलं. "आता उठव मला."