चालू इंजिनाला किल्ली

"किती हळू! पोराला पाळण्यात निजवताय का?" मी ओरडले, पण आमच्या यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

साखळीला टांगलेलं इंजिन दत्तोबा आबांच्या जुन्या आठशेवर झुलत होतं. कुरवंड्याच्या डोंगरावरून ढग उतरून थेट गॅरेजात शिरला होता. गाडीचं उघडं बॉनेट दिसत होतं, हे मात्र अर्धेच दिसत होते. मला वाटलं, इंजिन आपलं आपणच ढगातून खाली येतंय. आमच्या लोणावळ्यात सकाळी दहा वाजता असं जागेपणी स्वप्न पडतं. कामं खोळंबतात, पण बघत बसावंसं वाटतं.

गाडी सव्वीस वर्षांची, तिचं मूळ इंजिन पार दमलेलं. आबा टाकव्याचे. त्यांची लेक सारिका कुरवंड्याला दिलेली, आणि तिथल्या चढावर गाडी मधेच उभी राहायची. "लेकीकडं जाताना दर येळेला जावयानं धक्का मारायचा व्हय?" आबा म्हणाले होते. गाडी विकायची कल्पनाही त्यांना सहन होत नव्हती. म्हणून तिच्यात नव्या गाडीचं इंजिन बसवायचं ठरलं. आरटीओची परवानगी झाली. अपघात होऊन भंगारात गेलेल्या एका नव्या गाडीचं इंजिन मिळालं, त्याच्या वायरी आणि कंप्युटरसकट. जुन्या जागेत ते बसेना, तर यांनी लोखंडी पट्ट्या कापून, वेल्डिंग करून त्याला नवे पाय केले. महिनाभर हा माणूस जेवताना ताटात बोटानं इंजिनच काढत होता.

यांचा, म्हणजे मकसूद मेकॅनिकचा, कान आख्ख्या मावळात मशहूर. गाडी वर चढावर असतानाच हे खाली दारात बसून सांगायचे, कोणता प्लग गेलाय. पण गेली दोन वर्षं कुकरच्या पाच शिट्ट्या होतात आणि हे विचारतात, "नसीम, भात टाकलास का?" कानाबद्दल ते कधी बोलले नाहीत. मीही नाही. गिऱ्हाईक आलं की मी शिवणयंत्र सोडून मधे उभी राहते आणि त्याचं बोलणं मोठ्यानं पुन्हा बोलते. लोक म्हणतात, मकसूदची बायको भारी तोंडाळ. म्हणू देत! कानाचं कळलं तर यांच्याकडे गाडी कोण देईल? आणि गॅरेज गेलं तर हा माणूस घरात बसून काय करील? मला त्याची भीती वाटते, फार वाटते. त्यातून दत्तोबा आबांना कळणं म्हणजे टाकव्यापासून बेडशापर्यंत कळणं.

दुपारपर्यंत इंजिन बसलं. तेल झालं, वायरी जोडून झाल्या. ढग काही हटला नव्हता. आबा येऊन गाडीला हात लावून उभे राहिले. हे आत बसले. मी बिस्मिल्ला म्हटलं, आबांनी डोळे मिटून हात जोडले. किल्ली फिरली.

एकदा घरघरलं आणि चालू झालं. अगदी गुपचूप! जुनं इंजिन चालू झालं की माझ्या मांडणीवरचे कप वाजायचे, आणि हे नवं जणू कुशीवर वळून पुन्हा झोपलं. मी आबांकडे बघून हसले. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यात मला सगळा चढ दिसला. सगळीकडे पांढरं पांढरं, आणि गाडी कुठंही न थांबता वर चाललेली.

हे हसले नाहीत. कपाळाला आठी घालून त्यांनी पुन्हा किल्लीला हात घातला.

"अहो..."

चालू इंजिनाला किल्ली मारली त्यांनी. दाताखाली खडा यावा तसा खर्र आवाज झाला. गल्लीतलं कुत्रं उठून उभं राहिलं. गाडी शिकणारं पोर पहिल्या दिवशी करतं ती चूक. यांना तो आवाजसुद्धा आला नाही. किल्ली थरथरली तेव्हा बोटांना कळलं. त्यांनी हात काढून घेतला.

काहीतरी ठोकून द्यायला मी पुढे झाले. तोवर उशीर झाला होता.

आबांनी यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कवापास्नं?" त्यांनी हळूच विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"आन् गेल्या साली माज्या ब्रेकचं काम केलं ते?"

"यांनीच केलं. घाटात एकदा तरी दगा दिला का, आबा?"

"न्हाई. न्हाई दिला," आबा म्हणाले. पण त्यांचा हात गाडीवरून निघाला आणि ते एक पाऊल मागं सरले. मला इतका राग आला! आणि त्यांचं काही चुकत नव्हतं, हेही कळत होतं.

हे उतरले. इंजिनावर तळहात ठेवून त्यांनी डोळे मिटले. ढग आमच्या तिघांमधून सावकाश जात होता.

"नसीम," हे म्हणाले, जरा जास्तच मोठ्यानं. "डाव्या अंगाला थरथरतंय. हाताला लागतंय. आवाज कसा येतोय?"

दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं. तेही आबांच्या देखत.

मी ओढणी कानामागे सारली आणि वाकले. आधी नुसती ऊब लागली. मग ऐकू आलं. "टिक टिक," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, पोचलं नव्हतं. मग मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "टिक-टिक-टिक! खालून येतोय! लोखंडाला लोखंड लागतंय!" समोरच्या घरातली कोमल दारात आली. येऊ दे.

"मग खालचा बोल्ट सैल राहिलाय," हे म्हणाले. खिडकीतून हात घालून किल्ली उलटी फिरवली आणि माझ्याकडे पाहिलं. "बंद झालं ना?"

मी मान डोलावली. हे गाडीखाली शिरले आणि पाना मागायला हात बाहेर काढला.

मी वाकेपर्यंत आबा गुडघ्यांवर बसले होते. पाना त्यांनीच दिला.