दवातलं दावं

मे महिन्याच्या पहिल्या पहाटे दुसऱ्याच्या कुरणातल्या दवातून दावं ओढत नेलं, की त्या घरचं लोणी आपल्या घरी येतं, हे आयर्लंडमधल्या केरीच्या डोंगरात कुणालाही ठाऊक होतं. म्हणून तर गोबनेट अंधार असतानाच उठली होती. गोठ्याच्या दारावर तिने रोवनच्या झाडाची डहाळी बांधली. त्या डहाळीखालून चेटकिणीला आत शिरता येत नाही. सगळं कसं यथासांग झालं आणि नेमकी कालवड सुटली.

कालवड घुसली ती शेजारच्या हॅनोराच्या कुरणात. गोबनेटने धावत जाऊन दावं पकडलं, तर त्या द्वाडीने मान सोडवून घेतली आणि झुडपांआड गडप झाली. मागे धावणाऱ्या गोबनेटच्या हातातलं दावं ओल्या गवतातून सरपटत राहिलं. बांधावर हॅनोरा बादली घेऊन उभी होती. तिने छातीवर क्रूस काढला आणि घरात गेली. 'अगं, कालवड सुटली' एवढं म्हणायला काय जात होतं? पण गोबनेट आधी कालवड आणायला झुडपांकडे धावली.

एरवी लोणी यायला घुसळून घुसळून हात भरून येत. त्या सकाळी दहा-वीस दणक्यांतच पिंपात गोळा आला, तोही दुप्पट. गोबनेट घाबरून बघत राहिली. आपण तर काही केलं नाही. की केलं?

दुपारी हॅनोरा दारात आली. "आमच्याकडे सकाळपासून नुसता फेस. तुझा गोळा बरा टपोरा आलाय."

"ने ना अर्धा."

"आजच्या दिवशी लोणी बाहेर दिलं की घरची बरकत जाते, आणि तू देतेस? स्वतःचं असतं तर दिलं असतंस का गं?"

"कालवड सुटली होती, हॅनोरा! देवाशपथ!"

"मी कालवड नाही बघितली. दावं बघितलं."

दिलं तरी चोर, नाही दिलं तरी चोर. गोबनेटने खुंटीवरचं दावं काढलं आणि हॅनोराच्या देखत आपल्या कुरणातून तिच्या कुरणात उलटं ओढत नेलं.

"घे बाई, गेलं तुझं तुला परत!"

आपण काय कबूल करून बसलो, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

"दव केव्हाच वाळलंय," हॅनोरा पुटपुटली.

संध्याकाळी मात्र बांधावरून तिची हाक आली, "आलं गं, आलं लोणी!"

गोबनेटला हायसं वाटायला हवं होतं. धारेची बादली घेऊन ती गोठ्याशी गेली. आत गाय हंबरत होती, आणि दारावरच्या त्या डहाळीखालून गोबनेटचा पाय काही पुढे पडेना.