मीटरवाल्याची पोटरी

जन्मभर घरोघरची विजेची मीटरं वाचली, म्हणून सगळे त्याला मीटरवाले म्हणत. बायको 'अहो'वर भागवायची. पायाला भिंगरी लावल्यासारखा चालणारा माणूस. पण निवृत्तीनंतर तो रस्त्यात दुकानांच्या काचांसमोर थांबू लागला. कधी चपला बघायचा, कधी कढया. एकदा तर बायकांच्या गाऊनसमोर उभा राहिला.

"कुणासाठी बघताय?"

"सहज. रंग बरा आहे."

अंगातल्या शर्टाचा रंग ज्याला कधी सांगता आला नाही, त्याने हे म्हणावं? तिने नीट पाहिलं. काचेला हात टेकून तो हळूच पोटरी दाबत होता.

दुसऱ्याच दिवशी तिने त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब घेतला, तपासण्या केल्या, सगळं कॉम्प्युटरमध्ये घातलं.

"पायाची रक्तवाहिनी अरुंद झालीय. पाय वाचेल, पण मला काळजी मेंदूची आणि हृदयाची आहे. हे दुखणं तिथेही पोचतं. असंच चाललं तर पक्षाघाताचा धोका बराच दिसतोय."

"म्हणजे नशिबात लिहिलेलं चुकत नाही," तो म्हणाला.

"लिहिलेलं नाही, अंदाज आहे. सिगारेट सोडा, गोळ्या घ्या आणि चाला, म्हणजे तो खाली येईल. कळ येईपर्यंत चालायचं, थांबायचं, कळ गेली की पुन्हा चालायचं."

सिगारेट सुटता सुटता घराने त्याची चिडचिड सोसली. दोनदा त्याने चोरून ओढली, दोन्ही वेळा वासावरून पकडला गेला. मैदानात फेऱ्या मारायला मात्र तो तयार होईना. "मी काय घाण्याचा बैल आहे?"

"मग तुमच्या जुन्या गल्ल्यांतून जाऊ," ती म्हणाली.

पोटरी भरून येई तिथे दोघं थांबत, आणि थांबला की तो बोलू लागे.

"या जिन्याखाली मीटर होतं. इथली म्हातारी मला बॅटरी धरायची आणि म्हणायची, आकडा जरा कमी वाच."

"इथे कुत्रं चावलं."

"तुम्ही तर खिळा लागला म्हणाला होतात."

"तू घाबरली असतीस."

एका ओट्यावर तो बसला. मग म्हणाला, "मुलगी झाल्याचा निरोप मला इथे मिळाला. पुढची सगळी मीटरं चुकीची वाचली. साहेबाने फेरी पुन्हा करायला लावली."

"दवाखान्यात आलात तेव्हा नुसतं 'बरं झालं' म्हणालात."

"बोललो असतो तर रडू आलं असतं. तुझी आई समोर होती."

तिने मान वळवली. मुलगी झाली म्हणून याचं तोंड उतरलं, असंच ती इतकी वर्षं धरून होती. त्याला तिने ते सांगितलं नाही. पदराने ओट्यावरची धूळ झटकली आणि त्याच्याशेजारी टेकली.

काही महिन्यांनी डॉक्टरबाईंनी पुन्हा तपासलं. "धोका उतरलाय. गेला नाही, पण चांगला उतरलाय. चालणं सोडू नका."

आता कळ उशिरा यायची. तो खुशीत असायचा. तिलाही बरं वाटायचं. फक्त थांबे कमी झाले होते आणि बऱ्याच गल्ल्या न बोलताच मागे पडत होत्या.

एका संध्याकाळी तीच थांबली. "अहो, जरा टेकू या."

"का? तुझीही पोटरी?"

"हो. भरून आलीय."

त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं, गालात हसला आणि शेजारच्या फाटकाला रेलला.

"हे घर," तो म्हणाला, "दोन भावांचं. मीटर एकच, आणि भांडणं रोजची..."