गुलमंडीत थांबणारी गाडी

गाडी बंद पडायची ती बरोबर गुलमंडीत, आणि गुलमंडीतही राजेंद्रशेठच्या साडीच्या दुकानासमोर. महिन्यात तीनदा. पहिल्यांदा शेठनी आतून पाणी पाठवलं, दुसऱ्यांदा खुर्ची. तिसऱ्यांदा तर गाडीनं आचके द्यायला सुरुवात केली तशी ते स्वतःच खुर्ची घेऊन पायरीवर येऊन उभे राहिले.

"या वहिनी. आज इरकल दाखवू?"

कालिंदीनं शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे बघायचं टाळलं.

"या गाडीला साड्या कळतात का गं?" श्रीनिवासरावांनी विचारलं.

"मला काय विचारता? तिलाच विचारा."

"चालवतं कोण?"

हे तिला लागलं. चालवायची तीच. एकावन्नाव्या वर्षी, कुठल्या क्लासबिसला न जाता, आमखास मैदानावर सकाळी गोल गोल फिरून ती शिकली होती. पुण्यातल्या वरदची नवी गाडी स्वतःच बोलते, स्वतःच ओरडते. पोराच्या गाडीत तिला पाहुणी असल्यासारखं वाटायचं. ही चाळीस वर्षांची म्हातारी मात्र तिची होती. चोक किती ओढायचा हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. शिवाय घरात तिचं कधी न ऐकणारी माणसं या गाडीत मुकाट बसत, आणि वळणावर दांडी घट्ट धरत.

घरी आल्यावर श्रीनिवासरावांनी जाहीर केलं, "आणखी एकदा थांबली ना, तर रविवारी शहागंजचा तो भंगारवाला येतोय, त्याच्या हवाली करणार. बास झालं."

तो गुरुवार होता.

एवढं बोलून ते भेगा बुजवायच्या पांढऱ्या लांबीचा डबा घेऊन कामाला लागले. निवृत्त झाल्यापासून त्यांना भोक दिसलं की ते बुजवल्याशिवाय चैन पडत नसे. पाली येतात म्हणून खिडकीच्या फटी बुजवल्या. बेसिनचं वरचं भोक बुजवलं, आणि एकदा नळ चालू राहिला तेव्हा स्वयंपाकघरात पोहायची सोय झाली. पाणी गळतं म्हणून तुळशीच्या कुंडीचं बूड बुजवलं. बिचारी तुळस श्रावणात बुडून गेली. कालिंदीनं नवी लावली आणि कुंडी माळ्यावर जाणाऱ्या जिन्यात लपवून ठेवली.

शुक्रवारी सकाळी ती एकटीच गाडी घेऊन निघाली. गुलमंडीकडे वळलीच नाही. आमखासवर जाऊन गोल गोल फिरत बसली. घरातून निघून पाव तास झाला असेल नसेल, तोच ओळखीचे आचके आले आणि गाडी गप्प झाली. आजूबाजूला साडीचं दुकान तर सोडाच, रुमालसुद्धा विकायला नव्हता.

म्हणजे गाडीला गुलमंडी कळत नव्हती. घरापासून गुलमंडीही गर्दीतून पाव तासाचीच होती.

तिनं कडूबा मिस्त्रीला फोन लावला. औरंगपुऱ्यातून तो दुचाकीवर आला, हँडलला पान्यांची पिशवी. कडूबाची एक रीत होती. बॉनेटला हात लावायच्या आधी तो मागं जाऊन टाकीचं झाकण उघडायचा. तरुणपणी त्यानं एका वकिलाचं अर्धं इंजिन खोललं होतं, आणि मग कळलं की टाकीच कोरडी आहे. गल्लीनं वर्षभर छळलं त्याला. तेव्हापासून आधी पेट्रोल बघायचं, मग पाना. गुलमंडीत तिन्ही वेळा त्यानं हेच केलं होतं, पण तेव्हा कालिंदी खुर्चीत बसून पाणी पीत होती. आज ती त्याच्या पाठीशी उभी होती.

झाकण फिरलं आणि टाकीनं "फस्स" करून हवा आत ओढली. बराच वेळ कोंडून घातलेल्या माणसानं दार उघडताच घ्यावा तसा श्वास.

कडूबा पुढं निघाला. "कार्बुरेटर खोलतो ताई. जेटात कचरा आसंल. लई बारीक भोक आसतंय त्याला."

"मागच्या वेळीही कचराच होता ना?"

"व्हय. ह्यो दुसरा."

"थांबा जरा. कशालाच हात लावू नका." तिनं आत बसून किल्ली फिरवली. गाडी लगेच चालू झाली.

कडूबानं हातातल्या पान्याकडे बघितलं. "मी तर आजून काईच केलं नाय."

"तेच तर!"

दोघांनी झाकण उजेडात धरलं. मधोमध सुईएवढं भोक, आणि त्यात गच्च पांढरी लांबी. वर अंगठ्याचा ठसासुद्धा होता.

"अरारा! पेट्रोल जसं खाली जातं तशी इथून हवा आत जायाला पायजे, ताई. नाय गेली तर टाकीच पेट्रोल वढून धरती, पंपाचं काय चालत नाय. कुन्या शहाण्यानं बुजवलं हे?"

"आहे एक शहाणा," कालिंदी म्हणाली आणि पदराची पिन काढून भोक मोकळं करायला लागली.

कडूबा थोडा घुटमळला. "सायबाला सांगताना जेटाचं नका सांगू. तीनदा साफ केला मी, चांगला व्हता तरी."

"नाही सांगत."

शनिवारी तिनं नवऱ्याला शेजारी बसवलं. श्रीनिवासराव पिशवी छातीशी धरून बसले. गुलमंडी आली. राजेंद्रशेठ खुर्ची घेऊन पायरीवर हजरच. गाडी त्यांच्या समोरून गेली, आणि शेठ खुर्ची हातात धरून बघत राहिले.

"थांबली नाही," श्रीनिवासराव म्हणाले.

"नाही."

तीन दुकानं पुढं जाऊन कालिंदीनं गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"आता काय झालं?"

"काही नाही. आता मी थांबवलीय." तिनं पर्समधून कागदाची पुडी काढली आणि लांबीचा तो कपचा त्यांच्या तळहातावर ठेवला. "टाकीच्या झाकणात होता."

श्रीनिवासरावांनी आपला अंगठा बघितला, मग कपचा, मग परत अंगठा.

"धूळ जाऊ नये म्हणून..." ते अगदी हळू म्हणाले.

"माहितीये मला."

त्यांनी कपचा खिशात टाकला. मग त्यांनी मोबाइल काढला आणि शहागंजच्या माणसाला कळवलं की गाडी द्यायची नाही, उद्या येऊ नका. फोन ठेवून त्यांनी विचारलं, "नवी तुळस कुठं ठेवलीय तू?"

"ते नाही सांगायची."

इतक्यात राजेंद्रशेठ धापा टाकत खिडकीशी पोचले. "वहिनी, आज पुढं कशा आलात? खुर्ची आणलीय."

"यांना द्या," कालिंदी उतरत म्हणाली. "मला आज साड्या बघायच्यात. सगळ्या."