खुंटीला रक्त नसतं

मित्रांनो, मला नाव नाही. मी एक जुनी पांढरी पेशी, एका मुलीच्या बाबांच्या रक्तात राहणारी. बाबांना लहानपणी गोवर झाला, त्या लढाईत मी जन्मले आणि गोवराचा चेहरा पाठ करून बसले. तो परत आला की आरडाओरडा करायचा, एवढंच माझं काम! पण तो शहाणा परत आलाच नाही. न झालेल्या आजाराचं कौतुक कोण करतं?

बाबा कारखान्यात पाइपांच्या जोडांचे किरणांनी फोटो काढतात. अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा बिल्ला छातीवर लावायचा असतो.

"बिल्ला कुठाय रे?" जोडीदार ढापण्याने विचारलं.

"खुंटीवर. त्यात आकडा चढला की घरी बसवतात."

"आणि अंग काय भाड्याने आणलंयस?"

बाबा हसत कामाला लागले.

त्याच सकाळी किरणं सोडणारी धातूची गोळी नळीत अडकली, तिच्या शिशाच्या पेटीत परत जाईना. बाबांनी जवळ जाऊन हातानेच नळी सरळ केली.

आवाज नाही, चटका नाही. पण माझ्या पोटात जपलेल्या डीएनएच्या दोरीचे दोन्ही पदर तटातट तुटले! घाईत टोकाला टोक जोडायला गेले, तर भलतंच भलत्याला जोडलं. आमचा कायदा कडक : धड सांधता आलं नाही तर मुकाट मरायचं. नाहीतर बिघडलेली पेशीच घराचा घात करते. माझ्या बहिणी भराभर विझू लागल्या. मी ओरडत होते, पण पेशीचं ऐकतो कोण?

बाबांना उलट्या सुरू झाल्या.

"काहीतरी शिळं खाल्लं असेल," ते दवाखान्यात म्हणाले.

"कारखान्याने पाठवलेला बिल्लाही कोराच आहे. जा घरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"शिळं कसलं? डबा उघडलाच नाहीये त्यांनी!" मुलगी रडकुंडीला आली. "रक्त तरी बघा ना!"

दुपारी रक्त घेतलं, संध्याकाळी पुन्हा घेतलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "पांढऱ्या पेशी एवढ्या कशा घटल्या? खरं सांगा, बिल्ला कुठे होता?"

बाबांनी मुलीकडे पाहिलं. "खुंटीवर."

बहिणींनी मरून साक्ष दिली होती.

आता बाबा वेगळ्या खोलीत आहेत. मुलगी काचेबाहेरून हात हलवते. हाडांच्या मज्जेतून नव्या बहिणी येतील का, कुणालाच ठाऊक नाही. माझा सांधा वाकडाच राहिला, मी निघते. आता गोवर आला तर त्याला ओळखणार कोण?

मित्रांनो, बिल्ला छातीवरच लावा. खुंटीला रक्त नसतं.