टाकीतलं पाणी

आमच्या मुख्याध्यापकांना मुलांनी शिकलेलं कृतीत आणलेलं फार आवडायचं. म्हणजे, भिंतीवर चिकटवता येईल एवढंच. तपासणीला साहेब येणार म्हटल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि बाटलीबंद पाण्याचा घोट घेत फर्मावलं, "बाई, चौथीचा पाण्याचा धडा झालाय ना? घोषणा लिहून घ्या. रंगीत. शुद्धलेखन तेवढं बघा."

मी मुकाट्याने कागद वाटले. वर्गात एक मुलगी होती. तिचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू व्हायचं, म्हणून सगळे तिला पणती म्हणायचे.

"पण बाई, आपल्या नळाचं पाणी स्वच्छ आहे का?"

मला माहीत नव्हतं. पाच वर्षं त्या शाळेत पगार घेऊन मी ते कधी विचारलंही नव्हतं. तेव्हा नावं ठेवताना मी स्वतःला वगळत नाही.

मुलांनी बरणीत नळाचं पाणी भरून खिडकीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी तळाशी बोटभर गाळ! शिपाईकाकांना गच्चीवर पाठवलं. ते नाक दाबूनच खाली आले. टाकीला झाकण नव्हतं आणि आत कबुतर मरून पडलं होतं.

"तपासणी होऊ द्या, मग बघू," मुख्याध्यापक म्हणाले. "चार दिवसांत कुणी मरत नाही."

मुलांनी सहाही नळांवर 'हे पाणी पिऊ नका' असे कागद लावले, घरून बाटल्या आणल्या आणि पहिलीच्या पोरांनाही पाणी पाजलं. तपासणीच्या सकाळी आमच्या या थोर शिक्षणप्रेमी मुख्याध्यापकांनी स्वतःच्या हातांनी ते कागद फाडले. मग मुलं प्रत्येक नळापाशी एकेक उभी राहिली. तिथून हलेनात.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"खेळतात हो पोरं! पाणी एकदम शुद्ध आहे आमचं."

पणतीने नळाखाली ग्लास भरला आणि पुढे केला. "पण सर, मग तुम्ही प्या ना."

मुख्याध्यापकांनी ग्लासाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. "माझा घसा जरा बसलाय," असं खणखणीत आवाजात म्हणाले.

साहेबही काही मोठे लागून गेले नव्हते. पण पुढचा ग्लास आपल्याकडे येईल या धास्तीने त्यांनी टाकी आजच्या आज साफ करण्याचा हुकूम सोडला. दुपारपर्यंत टाकी रिकामी झाली, घासली गेली, झाकणही आलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांनी "माझ्या मार्गदर्शनाखाली" या शब्दांनी भाषण सुरू केलं आणि तब्बल वीस मिनिटं लाज न वाटता बोलले. टाळ्या वाजल्या, आमच्या वर्गाच्या नाहीत.

भाषण संपताच पणती एक कागद घेऊन पुढे गेली. दर महिन्याला टाकी धुण्याच्या तारखा होत्या, समोर सहीचा रकाना.

"पण सर, प्रत्येक तारखेला तुम्ही वर जाऊन बघायचं. मगच सही."

सगळी शाळा बघत होती. ते "हो" म्हणाले, दात दाखवून. तो कागद मी स्वतः नळाशेजारी चिकटवला, डिंकाची अख्खी बाटली ओतून.